रामा कलर आणि सातवी पिढी

सुरतेच्या रिंग रोडच्या मार्केटातून साडीचं पार्सल निघतं तेव्हा तिचा फोटो कधीच पुढे जाऊन पोहोचलेला असतो. शूट झालं की दोन-तीन दिवसांत कॅटलॉग हवा, कारण तसलीच डिझाइन शेजारच्या मार्केटात कुणीतरी त्याच आठवड्यात काढत असतं. हे फोटो सुधारून देणारी माणसं मात्र मार्केटात दिसत नाहीत. उधना, लिंबायत, डिंडोली, गोडादरा अशा वस्त्यांमधल्या खोल्यांत ती बसलेली असतात. याच वस्त्यांत जळगाव, धुळे, नंदुरबारहून ताप्ती लाइनच्या गाडीने आलेली मराठी घरं पुष्कळ आहेत.

असल्याच एका खोलीतला हा वाद. मामा मूळचे लग्नाचे फोटोग्राफर. रोल धुण्यापासून सगळं केलेले, आता कॅटलॉगची कामं आणतात. भाची ती कामं संगणकावर पार पाडते. तो संगणक 2017 च्या जुलैतला. त्या महिन्यात जीएसटीच्या विरोधात सुरतेचं कापड मार्केट बंद होतं, हातात काम नव्हतं, म्हणून मामांनी फुरसतीत नवा पीसी जोडून घेतला. आता तो बदलायचा की सुधारायचा, हा प्रश्न. अशा वादात म्हातारा जुन्याला चिकटतो आणि तरुण नव्यामागे धावतो असं आपण धरून चालतो. इथे उलटं आहे. संवाद मी जरा आवरून लिहिला आहे. चहा, फोन आणि मधल्या अहिराणी शिव्या गाळल्या आहेत.

मामा : काढून टाक तो डबा. एक फोटो उघडायला घेतला की माझी अर्धी बिडी संपते. नवा घेऊ, एकदाचा चांगला.

भाची : बिडी तुम्ही तशीही ओढताच. आणि डबा म्हणू नका, चार कोअरचा आय-5 आहे, 7400. फोटोशॉपला अजून पुरतो तो.

मामा : पुरतो तर मग फिरफिर गोल फिरत काय असतं?

भाची : तेच बघितलं मी काल. टास्क मॅनेजर उघडून बाजूला ठेवला आणि नेहमीसारखं काम केलं. फोल्डर उघडलं की डिस्क शंभर टक्के, आणि प्रोसेसर पाव भागसुद्धा कामाला नाही. म्हणजे हुशार माणूस हात बांधून बसलाय आणि गोडाऊनमधून माल आणणारा एकटाच धावतोय. तुम्ही हुशार माणसाला काढायला निघालात.

इथे भाचीची बाजू जरा उलगडून सांगायला हवी. त्या काळातल्या बहुतेक जोडलेल्या पीसीत एक टीबीची फिरती हार्ड डिस्क असते. तिची तबकडी मिनिटाला 7200 फेरे घेते आणि एक सुई हवी ती जागा शोधत हिंडते. एक मोठी फाइल सलग वाचायची असेल तर ती सेकंदाला शंभर-दीडशे एमबी देते, ते काही फार वाईट नाही. पण लाइटरूम उघडताना हजारो बारीकसारीक प्रिव्ह्यू इकडून तिकडून गोळा करावे लागतात, आणि सुईचा सगळा वेळ हिंडण्यातच जातो. एसएसडी म्हणजे चिपांवरची डिस्क, तिच्यात फिरणारं काहीच नाही. साधा साटा एसएसडीसुद्धा सलग वाचनात साडेपाचशे एमबीपर्यंत जातो, आणि बारीक फाइलींच्या बाबतीत तर तुलनाच नको. जुन्या संगणकात एवढी एकच गोष्ट बदलायची असेल तर ती हीच, यावर दुरुस्ती करणाऱ्यांत मतभेद असलेले मी पाहिले नाहीत.

मामा : बरं, एसएसडी टाकला. मग रॅम? आठ जीबी आहे म्हणे. आता सगळे सोळा, बत्तीस म्हणतात.

भाची : ती वाढवायलाच हवी. आपला कॅमेरा 24 मेगापिक्सेलचा. एक फोटो सोळा बिटांत उघडला की नुसता तोच मेमरीत 144 एमबी घेतो. मग पदराचा लेयर, चेहऱ्याचा लेयर, बॅकग्राउंड, प्रत्येक रंगाचा वेगळा लेयर. दहा लेयर भरले की दीड जीबीच्या आसपास, आणि असे चार फोटो मी एकदम उघडून बसते, कारण सेटमधले रंग शेजारी ठेवल्याशिवाय जुळत नाहीत. रॅम संपली की फोटोशॉप डिस्कवर लिहायला लागतं. डिस्क तर आधीच दमलेली.

मामा : म्हणजे एसएसडी आला, रॅम आली. मॉनिटरचं तर तू रोजच काढतेस. मग उरलं काय जुनं? कॅबिनेटचा पत्रा?

भाची : (हसून) प्रोसेसर आणि बोर्ड.

मामा : आणि तेच मेलेले आहेत, हे तू सांगत नाहीस. विंडोज 10 चं काय झालं ते मलाही माहीत आहे.

हा मामांचा हुकमी पत्ता, आणि तो खोटा नाही. मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 चा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपवला. घरगुती ग्राहकांना नाव नोंदवून सुरक्षेचे अपडेट एक वर्ष जास्त घेता येतात, ते 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 हे सुरक्षेचं अंग लागतं आणि इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो. मामांचा सातव्या पिढीचा. आठवी पिढी डेस्कटॉपसाठी बाजारात आली 2017 च्या ऑक्टोबरमध्ये, म्हणजे त्यांनी पीसी घेतल्यावर तीनच महिन्यांनी. मार्केटचा बंद दिवाळीपर्यंत लांबला असता तर हा वाद झालाच नसता.

मामा : मग आठव्या पिढीचा प्रोसेसर आणून बसव याच बोर्डात. सॉकेट एकच आहे असं तो रिपेअरिंगवाला म्हणत होता.

भाची : सॉकेटचा आकडा एकच आहे, 1151. पण बोर्ड 200 सीरिजचा आहे आणि आठव्या पिढीला 300 सीरिजचा लागतो. बसेल, चालू होणार नाही. याच बोर्डात फार तर आय-7 7700 बसेल, तोही सेकंडहँड, आणि तोही सातवीच पिढी. त्यात पैसे घालायचे नाहीत, हे माझंही मत आहे.

मामा : मग विंडोज 11 दुसऱ्या मार्गाने टाकून देतात ना?

भाची : देतात. रजिस्ट्रीत दोन ओळी घालतात आणि चढतं. पण पुढचे अपडेट मिळतीलच अशी हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. ऐन सीझनमध्ये अपडेट अडकला तर शेठला काय सांगणार, रजिस्ट्रीत ओळ घातली होती म्हणून?

मामा : म्हणजे मी म्हणतो तेच. नवा घ्या.

भाची : नवा घ्या, पण आधी काय आणि कधी, ते ठरवा. तुम्ही सगळे पैसे डब्यात घालणार आणि मॉनिटर हाच ठेवणार. माझा राग तिथे आहे.

खरी गोष्ट इथून सुरू होते. प्रोसेसर, रॅम, पिढ्या हे सगळं वेगाबद्दल झालं. कॅटलॉगच्या धंद्यात मात्र उशिरापेक्षा चुकीचा रंग जास्त महागात पडतो.

साडीचं एक डिझाइन सहा-आठ रंगांत निघतं. त्या सेटला मार्केटात मॅचिंग म्हणतात. सगळे रंग मॉडेलला नेसवत बसायला वेळ नसतो, पैसेही नसतात. बऱ्याचदा दोन-तीन रंग शूट होतात आणि बाकीचे फोटोशॉपमध्ये चढवले जातात. कापडाचा तुकडा समोर धरायचा आणि त्याच्याशी पडद्यावरचा रंग जुळवायचा. राणी, गजरी, वाइन, मोरपंखी, रामा. यातला रामा सगळ्यात छळतो. हिरवा म्हणावा तर निळा, निळा म्हणावा तर हिरवा. आपल्या साध्या पडद्यांचा रंगांचा आवाका फार तर एसआरजीबी नावाच्या ठरावीक चौकटीएवढा असतो, आणि गडद हिरवट-निळ्या छटांपैकी काही त्या कुंपणाबाहेर पडतात. कॅमेऱ्याने टिपलेला असा रामा पडदा दाखवूच शकत नाही, जवळचा कुठलातरी दाखवतो, आणि संपादन करणारी त्या जवळच्या रंगाला खरा धरून पुढे जाते.

भाची : हा मॉनिटर बघा. मान जरा खाली केली की पदर काळपट, वर केली की पांढुरका. टीएन पॅनल आहे. मी रोज सकाळी खुर्चीची उंची ठरवते आणि दिवसभर हलत नाही, कारण हलले तर रंग हलतो. मागच्या महिन्यात रामा कलरचा सेट परत आला. ग्राहकाच्या हातात साडी हिरवी, फोटोत निळी. शेठ म्हणाले, एडिटिंगवालीने बिघडवलं. मी बिघडवलं नाही, मला दिसलंच नाही.

मामा : ग्राहक तर फोनवर बघतो. त्याचा फोन कसाही असतो. तू कितीही जुळव.

भाची : फोन कसेही असतात, म्हणून तर आपला रंग मधोमध हवा. एकाच्या फोनवर थोडा भडक दिसेल, दुसऱ्याच्या थोडा फिका. आपणच एका बाजूला झुकलेले असलो तर अर्ध्यांना तो चुकीचाच दिसणार. आयपीएसचा चांगला पडदा आणि कॅलिब्रेटर, एवढंच मागते. तो काचेवर ठेवायचा, प्रोग्राम एकेक रंग दाखवतो, यंत्र मोजतं आणि प्रोफाइल बनवतं. महिन्यातून एकदा. डोळ्याने बरोबर दिसतंय हे मला चालत नाही, डोळा दहा मिनिटांत कशालाही सरावतो.

मामा : आम्ही डार्करूममध्ये डोळ्यानेच काढायचो.

भाची : काळं-पांढरं काढायचा, मामा. कलरचे रोल तुम्ही लॅबला पाठवायचा. आणि लॅबवाला टेस्ट पट्टी मोजूनच मशीन चालवायचा.

मामा इथे गप्प बसले. हे त्यांच्या बाबतीत फार वेळा घडत नाही.

रंगाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट, जी दोघांपैकी कुणीच बोललं नाही आणि मला बोलावीशी वाटते. खोलीत वर एलईडी ट्यूब आहे, खिडकीला हिरवा पडदा आहे आणि भिंत गुलाबी. कापडाचा तुकडा त्या ट्यूबखाली एक दिसतो आणि गॅलरीत दुसराच, कारण स्वस्त एलईडीत काही रंगांचा उजेड कमीच असतो. लाखाचा पडदा आणला तरी तुकडा या ट्यूबखाली धरून जुळवला तर रामा चुकणारच. चांगल्या सीआरआयचा, म्हणजे रंग खरे दाखवणारा, दिवसाच्या उजेडाच्या जवळचा एक दिवा आणि भिंतीला राखाडी रंग, हा सगळ्यात स्वस्त अपग्रेड. पण त्यात पॅकिंग फोडायचा आनंद नसतो, म्हणून कुणी करत नाही.

वाद पुढे सरकण्याआधी भाचीने कॅबिनेट उघडून दाखवलं. शेजारच्या गाळ्यात लूम चालतात, आणि त्यांचा रेसा, म्हणजे बारीक तंतू, हवेत असतो तो दिसत नाही, साचतो. प्रोसेसरवरच्या पंख्याखाली, हीटसिंकच्या पट्ट्यांवर, राखाडी वाकळीसारखा एक सलग थर बसला होता. तिने तो चिमट्याने धरून उचलला तर तुटला नाही, अख्खा निघून आला, पट्ट्यांच्या रेघा उमटलेला. त्यात दोन टिकल्या होत्या, एक सोनेरी, एक गुलाबी. मामी दुपारी साडीवर टिकल्या चिकटवायचं काम घेतात. हीटसिंक काढला तर खालची थर्मल पेस्ट वाळून खडू झालेली. प्रोसेसर तापला की स्वतःला जळण्यापासून वाचवायला स्वतःच मंद होतो. म्हणजे इतकी वर्षं जो संगणक म्हातारा झाला म्हणून शिव्या खात होता, तो काही अंशी घुसमटलेला होता.

मामा : (टिकली नखावर घेऊन) हे मात्र आपलंच.

भाची : ब्लोअर, थोडी पेस्ट, अर्धा तास. आधी हे, मग पुढचं बोला.

मामा : बोलतो. तू म्हणतेस पडदा, दिवा, एसएसडी, सफाई. सगळं मान्य. पण ते नॉइज काढायचं काम? रात्रीच्या लग्नांचे फोटो, हळदीचे, वरातीचे. तू ते बटण दाबतेस आणि संगणक समाधी घेतो.

इथे मामा बरोबर आहेत. लाइटरूममध्ये एआय डिनॉइज 2023 च्या एप्रिलमध्ये आलं, आणि ते काम जवळजवळ पूर्णपणे ग्राफिक्स कार्डावर चालतं. यांच्याकडे जीटीएक्स 1050, दोन जीबीचं. नव्या कार्डावर सेकंदांत होणाऱ्या कामाला त्यावर मिनिटं लागतात, आणि वरातीचे फोटो शेकड्यांनी असतात. एसएसडीने यात काडीचाही फरक पडत नाही. उलट फोटोशॉपमधलं जनरेटिव्ह फिल मात्र अडोबीच्या सर्व्हरवर चालतं. त्याला कार्ड नको, इंटरनेट हवं. दोन्ही गोष्टींना लोक एआय म्हणतात आणि दोन्हींसाठी महाग कार्ड सुचवतात. कार्ड घेण्याआधी आपलं कुठलं काम कुठे चालतं हे बघून घ्यावं, नाहीतर दुकानदार ते आपल्यासाठी ठरवतो.

भाची : साडीच्या कामाला डिनॉइज लागतच नाही, स्टुडिओत लाइट असतात. लग्नं तुम्ही वर्षाला किती घेता आता?

मामा : कमी घेतो. पण घेतो. आणि पुढे व्हिडिओही मागतील. रील सगळेच मागतात.

भाची : मग नवा घ्यायचाच. पण आज नको, रॅमचे भाव बघितलेत? आधी म्हणायचे, रॅम काय, सगळ्यात स्वस्त.

तेही खरं. 2025 च्या उत्तरार्धापासून रॅमचे भाव भडकले, कारण चिप बनवणाऱ्या कंपन्यांचा माल एआयच्या डेटा सेंटरकडे वळला. मायक्रॉनने तर डिसेंबर 2025 मध्ये क्रूशियल हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. नवा पीसी घेतला काय आणि जुन्यात रॅम वाढवली काय, दोन्हीकडे हा चटका बसतो. फरक एवढाच, की जुन्यात डीडीआर4 ची एक आठची पट्टी जोडली की भागतं, नव्यात बत्तीस डीडीआर5 विकत घ्यावी लागते.

मामा : मधला मार्ग आहे एक. कंपन्यांचे जुने पीसी मिळतात, आठव्या-नवव्या पिढीचे, साफसूफ करून. विंडोज 11 चालतं.

भाची : तो विचार मी केला होता. चपटी कॅबिनेट असते त्यांची. मोठं ग्राफिक्स कार्ड आत मावत नाही, आणि पॉवर सप्लाय त्यांचा स्वतःचा, मोठा बदलून घालता येत नाही. टायपिंगला सोनं. आपल्याला दोन वर्षांनी पुन्हा याच खोलीत हेच भांडण करावं लागेल.

यावर मामांनी पैशाचा मुद्दा काढला. शेठ लोक पेमेंट दोन-तीन महिन्यांनी देतात, हप्ता मात्र दर महिन्याला जातो. छोट्या उद्योगांचं देणं पंचेचाळीस दिवसांत चुकवलं नाही तर पैसे प्रत्यक्ष देईपर्यंत तो खर्च आयकरात धरता येत नाही, हा नियम 2024 मध्ये लागू झाला तेव्हा सुरतेच्या मार्केटात बरीच ओरड झाली होती. मामांनी छोट्या उद्योगाची उद्यम नोंदणी काढून ठेवली आहे. ती दाखवली की पेमेंट लवकर येतं का, असं विचारलं तर ते म्हणाले, पेमेंट येतं, पुढचं काम येत नाही.

मामा : आणि बॅकअपचं काय? तू त्यावर बोललीस नाहीस अजून.

भाची : मी बोलणारच होते. तुम्ही बोललात म्हणजे धक्काच आहे.

मामा : मला काय सांगतेस! 2006 च्या ऑगस्टमध्ये उकाई धरणाचं पाणी सोडलं तेव्हा जवळजवळ सगळं सुरत बुडालं. एका ओळखीच्याचा स्टुडिओ तळमजल्यावर. लग्नाच्या सीडी, निगेटिव्ह, सगळ्याचा चिखल. गेल्या वर्षी, 2025 च्या फेब्रुवारीत शिवशक्ती मार्केट जळालं, शेकडो दुकानं. कापड विम्यातून येईल. डिझाइनच्या फाइली कुठून येणार?

तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक दुसऱ्या जागी. 3-2-1 म्हणून ओळखला जाणारा हा नियम अमेरिकी फोटोग्राफर पीटर क्रोग यांनी लोकांपुढे आणला. भाचीला तो पाठ आहे. पण तिच्याकडे आज जी प्रत आहे ती त्याच एक टीबीच्या नऊ वर्षं फिरणाऱ्या डिस्कवर आणि तिच्याच शेजारी ठेवलेल्या पोर्टेबल डिस्कवर. दोन्ही एकाच टेबलावर. एका बादलीत मावतील.

माझं मत विचाराल तर क्रमाच्या बाबतीत भाची बरोबर आहे आणि तारखेच्या बाबतीत मामा. सफाई आत्ताच करावी, आणि एसएसडी, पडदा, दिवाही आत्ताच घ्यावा. यातली सफाई सोडली तर प्रत्येक वस्तू नव्या पीसीलाही उपयोगी पडते, वाया काहीच जात नाही. सातव्या पिढीत फक्त रॅमची ती एक पट्टी टाकायची, आणि तीही सेकंडहँड. नवा पीसी मात्र टाळत न्यायचा नाही. त्याची तारीख बाहेरूनच ठरलेली आहे, 13 ऑक्टोबरच्या आत.

मामांनी ती आणखी अलीकडे ओढली.

मामा : सप्टेंबर संपायच्या आत घेऊ. आपला हिशेब लिहिणारा सांगत होता, कॉम्प्युटरला वर्षाला चाळीस टक्के घसारा. पण वर्षात 180 दिवसांपेक्षा कमी वापरला तर निम्माच. ऑक्टोबरचे दोन-तीन दिवस सरले की गेलं.

भाची : सप्टेंबर म्हणजे दिवाळीच्या कॅटलॉगचा कडेलोट. त्यात नवा पीसी बसवायचा? प्लगिन, अ‍ॅक्शन, फाँट सगळं नव्याने. ऑगस्टमध्ये घ्या, राखीच्या आधी.

मामा : ऑगस्टमध्ये पैसे कुठून येतील?

भाची : आपल्या त्या शेठकडे एप्रिलपासूनचं थकलंय, ते मागा. उद्यमचा कागद दाखवू नका, नुसतं चहाला जा.

मामा : आणि हा जुना?

भाची : डिंडोलीला माझ्या घरी, तिसऱ्या मजल्यावर. दोन मोठ्या डिस्क घालून तिसरी प्रत तिथे. नेटला जोडायचाच नाही, मग विंडोज 10 असलं काय आणि नसलं काय.

मामा : टिकल्या तिथेही जातील. तुझी आईसुद्धा तेच काम घेते.

भाची : कॅबिनेटला जाळी लावेन. तुम्ही फक्त एक करा. मागच्या वेळेसारखं कच्च्या बिलावर घेऊ नका. पक्कं बिल, जीएसटी नंबर टाकून. अठरा टक्के परत मिळतात, त्यात माझा कॅलिब्रेटर येतो.